इकडचा हर्ट्झ तिकडं

आमच्या नगर जिल्ह्यात अचूक माणसाला मान असतो, पण त्याच्याशी सोयरीक करायला कुणी धजत नाही. पत्रिकेत लग्न १२ वाजून ३५ मिनिटांनी छापलेलं असतं आणि अक्षता पडतात आमदारसाहेब आल्यावर. ‘पाच मिनिटांत पोचतो’ असं फोनवर सांगणारा माणूस तेव्हा आंघोळीचं पाणी काढत असतो. ऐकणाऱ्याला ते ठाऊक असतं, त्यामुळे तोही घरातून निघालेला नसतो. दोन्हीकडून सारखीच सूट धरलेली असल्याने गाठ मात्र बरोबर पडते. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा या हिशेबावर चालला आहे आणि झकास चालला आहे.

याच जिल्ह्यात अशीही काही माणसं आहेत, की ज्यांना रात्री झोप लागत नाही, कारण त्यांचा रेडिओ १४ हर्ट्झने चुकतोय.

यांना हॅम म्हणतात. सरकारची परीक्षा द्यायची, दिल्लीहून परवाना आणायचा, ‘व्हीयू’ने सुरू होणारं कॉलसाइन मिरवायचं, गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये तार ताणायची आणि घरच्या घरी रेडिओ केंद्र चालवायचं, असा हा छंद. त्यातून पैसे कमवायला नियमानेच मनाई आहे, त्यामुळे घरच्यांच्या विरोधाला भक्कम कायदेशीर पाया लाभतो. ‘मोबाईल असताना हे कशाला?’ या प्रश्नाला हॅमकडे तयार उत्तर असतं. २००१ साली भूजला भूकंप झाला, फोन बंद पडले, तेव्हा हॅमच उपयोगी पडले होते. उत्तर खरं आहे. पण सावेडीतला माणूस रविवारी सकाळी सहा वाजता कानाला हेडफोन लावून बसतो तो काही भूकंपाची वाट बघत नव्हे. त्याला आपला आकडा बरोबर आहे का, एवढंच बघायचं असतं. मी या मंडळींत उठबस करतो म्हणून सांगतो.

त्यांचं माप पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक. नेप्तीच्या बाजारात शंभर क्विंटल कांदा काट्यावर चढवला आणि वजनात दहा ग्रॅमची चूक निघाली, तर ती झाली एक पीपीएम. दहा ग्रॅम म्हणजे कांद्याची वाळकी सालं, ती काट्यावर येईपर्यंत वाऱ्यानेच उडून जातात. एवढ्यासाठी वांधा काढणारा शेतकरी नेप्तीत अजून जन्माला आलेला नाही. पण वीस मीटरच्या बँडवर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झला, एक पीपीएम म्हणजे १४ हर्ट्झ, आणि तेवढ्यावर हॅम माणूस सेटचं झाकण उघडून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.

त्याची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. हे लोक बोलतात ते सिंगल साइडबँडवर. त्यात मूळची वाहक लहर पाठवतच नाहीत. वीज वाचते, जागा कमी लागते, पण ती लहर ऐकणाऱ्याने आपल्या सेटमध्ये तयार करून मिसळायची असते. ती शंभर हर्ट्झ चुकली की आवाजातल्या प्रत्येक सुरात सरसकट शंभर मिळवले जातात. माणसाच्या आवाजात १२०चा सूर असला की त्याच्या पटीत २४०, ३६० असे सूर असतात. शंभर मिळवले की ते होतात २२०, ३४०, ४६०. पट मोडली. मग पाथर्डीचा पैलवान बदकाच्या आवाजात ‘नमस्कार’ म्हणतो, आणि सेट उलट्या बाजूला चुकला असेल तर सहावीतल्या पोराच्या गळ्यातून भलताच कुणी गुरगुरतो. माणूस ओळखू येईनासा होतो. सोयऱ्याधायऱ्यांच्या जिल्ह्यात हे काही साधं संकट नव्हे.

इथे दोन भानगडी वेगवेगळ्या आहेत, आणि हॅम लोक त्यांची सरमिसळ करू देत नाहीत. बरोबर असणं ही एक, जागेवर असणं ही दुसरी. एखादा सेट बारा महिने तीनशे हर्ट्झ खाली असेल तर त्याचा फारसा राग येत नाही. स्वभाव कळला की तेवढे मिळवायचे आणि संसार करायचा. पण जो पहाटे बरोबर, दुपारी चुकलेला आणि संध्याकाळी तिसरीकडेच, त्याचं काय करायचं? आणि नगरची हवा अशी, की फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. कॉइलची तार तापली की किंचित फुगते, तिचं इंडक्टन्स वाढतं आणि फ्रिक्वेन्सी खाली घसरायला लागते. कॉइलला बिचारीला कळत नाही, की आपण मे महिन्यात अहिल्यानगरात आहोत आणि जरा सोसायला हवं.

अहिल्यानगर म्हणालो ते सरकारी कागदाला धरून. २०२४ साली नाव बदललं. एसटीतल्या माणसाला दोन्ही नावं चालतात. पण हॅमला आपलं गाव समोरच्याला अक्षर-अक्षर फोडून सांगावं लागतं, अल्फा, होटेल, इंडिया, लिमा, यँकी... आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये जुन्या नावाची अक्षरं दहा, नव्याची अकरा. म्हणजे दर वेळी एक अक्षर जास्त ट्रान्समिटर तापतो. आमच्यातले एक निवृत्त गुरुजी या एका अक्षराने किती हर्ट्झ घसरण वाढते ते मोजायला बसले होते. आकडा त्यांनी अजून जाहीर केलेला नाही.

घरी बनवलेल्या सेटचा जीव असतो त्याच्या व्हीएफओत, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या ऑसिलेटरमध्ये, आणि त्याचे लाड घरात कुणाचे होत नसतील इतके होतात. कॉइलचे वेढे हलू नयेत म्हणून वरून मेण ओततात. कंडेन्सर पॉलिस्टायरीनचे घेतात, कारण तापल्यावर कॉइल एका दिशेने जाते आणि हे उलट्या दिशेने, बेरीज शून्याजवळ येते. व्होल्टेज खालीवर होऊ नये म्हणून रेग्युलेटर, आणि त्या रेग्युलेटरवर विश्वास नाही म्हणून त्याच्यापुढे दुसरा. शिवाय सगळं बंद डब्यात. शनिशिंगणापूर आमच्याच जिल्ह्यात, तिथं घरांना दारं नाहीत आणि गावाचं काही अडलेलं नाही. व्हीएफओला मात्र सहाही बाजूंनी पत्रा लागतो, कारण नुसती पंख्याची झुळूक लागली तरी तो पाचपन्नास हर्ट्झ हलतो. म्हणून मग पंखाच बंद करायचा. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, दार-खिडक्या लावून, घामाने निथळत बसलेला माणूस कुणाला तरी सांगत असतो, की इकडे हवा छान आहे.

हैदराबादचे अशर फरहान यांनी २००३च्या सुमारास बिटएक्स नावाच्या सेटचा आराखडा जगाला फुकट देऊन टाकला, तेव्हा आपल्याकडच्या हॅमना मोठा आधार मिळाला. बाहेरून मागवाव्या लागणाऱ्या महागड्या भागांऐवजी कुठल्याही गावात मिळेल ते वापरा, असा त्यांचा बाणा होता. व्हीएफओची कॉइल गुंडाळायची ती नळाच्या वायसरवर. त्यामुळे आमच्या दाळमंडईतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात असा संवाद घडला:

“वायसर द्या. चार-पाच दाखवा.”

“अर्ध्या इंची नळाचा का पाऊण?”

“नळाला नकोय. ऑसिलेटरला.”

दुकानदाराने वरच्या फळीवर नजर टाकली. “ते कंपनीचं नाही ठेवत आपण. पण गळतंय कुठनं? वरनं का खालनं?”

“खालीच घसरतंय.”

“मग टेफ्लॉनची टेप मारा, दादा. वायसरनं काय होणार नाही.”

हा सल्ला इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीनेही अगदीच टाकाऊ नव्हता. पुढे फरहान यांच्याच बिटएक्स ४० मध्ये एसआय ५३५१ नावाची बोटाच्या नखाहून लहान चिप आली, शेजारी २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसला, आणि घसरण जवळजवळ संपली. सगळ्यांना फार आनंद झाला. मग रविवारी बोलायचं कशावर, हा प्रश्न पडला. माझं स्वतःचं मत असं, की जुना घसरणारा व्हीएफओ असताना माणसं एकमेकांची जास्त चौकशी करायची.

कारण त्या काळातलं संभाषण म्हणजे मुख्यतः एकमेकांना शोधणं. चाळीस मीटरचा बँड, ७ मेगाहर्ट्झच्या वर थोडं. इकडे नगर, तिकडे सोलापूर.

“दादा, तुम्ही जरा खाली आहात. थांबा, मी तुमच्यावर येतो.”

“नको नको, माझाच सेट तापलाय. तुम्ही थांबा, मी वर येतो.”

दोघंही सभ्य, त्यामुळे दोघंही हलले. आता नगरकर सोलापूरकरांच्या जागी आणि सोलापूरकर नगरकरांच्या. मध्ये फरक होता तेवढाच, फक्त बाजू बदललेली.

“आता तुम्ही वर गेलात की!”

“तुम्ही म्हणालात म्हणून तर मी...”

यातली खरी गंमत पुढे असते. घरगुती सेटमध्ये ऐकण्याची जागा आणि बोलण्याची जागा यांत थोडंसं अंतर राहून जातं. असा माणूस दर वेळी मोठा डायल फिरवून समोरच्याला कानाशी नीट लावून घेतो आणि उत्तर देतो, म्हणजे समोरच्याला पुन्हा थोडं सरकावं लागतं. मग हा सरकतो. मुलांची शिक्षणं, उसाचा भाव, पावसाचा पत्ता नाही, असं बोलत बोलत दोघं सगळा बँड चालत सुटतात. ७.०८५ला सुरू झालेली वारी ७.०९३ला जाऊन एका तिसऱ्याच मंडळाच्या भरल्या बैठकीत शिरते, आणि तिथून मल्याळी वळणाच्या इंग्रजीत अत्यंत नम्र प्रश्न येतो, की ही फ्रिक्वेन्सी चालू आहे हे आपल्या लक्षात आलं आहे का. यावर उपाय म्हणून सेटला आरआयटी नावाचं एक बटण असतं. बोलण्याची जागा तशीच ठेवून नुसती ऐकण्याची जागा हलवायची. पण ते दाबलं म्हणजे दोष आपल्याकडे आहे असं कबूल केल्यासारखं होतं, म्हणून ते नव्यासारखं राहतं.

मग खरं कोण, हे ठरवायला मोजणारं यंत्र लागतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराकडे बीसी २२१ नावाचा फ्रिक्वेन्सी मीटर होता. युद्ध संपल्यावर तो जगभरच्या हॅमच्या टेबलांवर आला. त्याची खासियत म्हणजे प्रत्येक यंत्रासोबत त्याची स्वतःची पोथी. त्याच क्रमांकाच्या यंत्रावर एकेक आकडा मोजून भरलेली. दुसऱ्याची पोथी चालत नाही. पत्रिका हरवलेल्या मुलासारखं पोथी हरवलेलं यंत्र घरात पडून राहायचं. आता चार बोटांएवढे डिजिटल काउंटर स्वस्तात मिळतात आणि त्यांनी वेगळाच घोळ घातला आहे. एक काउंटर असतो तोवर घरात शांतता असते. दुसरा आणला, की तो पहिल्याहून आठ हर्ट्झ वेगळं सांगतो. तिसरा पंच म्हणून आणतात. पंचही एक आकडा सांगतो, जो या दोघांपैकी कुणाचाच नसतो, आणि वर त्याचा शेवटचा अंक एकसारखा थरथरत असतो. केडगावच्या एका गृहस्थांकडे असे पाच आहेत. त्यांनी सगळे एका रांगेत मांडून वर देवाचा फोटो लावला आहे.

पंचांच्या वरचं कोर्ट म्हणजे वेळेचे सिग्नल. पूर्वी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचं एटीए केंद्र १० मेगाहर्ट्झवर टिकटिक करायचं. आपला सेट तिथं नेऊन लावायचा, दोन लहरींच्या फरकाची शिट्टी ऐकू यायची, ती खाली खाली आणत न्यायची. शेवटी शिट्टी संपून नुसती आवाजाची संथ उघडझाप राहते. सेकंदाला एक म्हणजे एक हर्ट्झ चूक, दहा सेकंदांना एक म्हणजे दशांश हर्ट्झ. याला झीरो बीट म्हणतात, आणि ती उघडझाप पूर्ण थांबली असं म्हणणारा माणूस एकतर फार नशीबवान असतो किंवा त्याने पुरेसा वेळ ऐकलेलं नसतं. आता त्या जागी चीनचं बीपीएम लख्ख ऐकू येतं. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठांची त्यामुळे पंचाईत झाली आहे. ते सेट बीपीएमवरच लावून घेतात, पण खिडकी लावून. ज्यांच्याकडे पैसा आहे ते जीपीएसचा छोटासा अँटेना गच्चीवर ठेवतात आणि वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांतल्या अणुघड्याळांना आपला क्रिस्टल बांधून टाकतात. मग तो हलत नाही. मालकाच्या चेहऱ्यावर तेव्हा जी पोकळी दिसते ती सांगता येत नाही.

नगरच्या किल्ल्यासमोरून जाताना मला नेहमी १९४२ आठवतं. ९ ऑगस्टला मुंबईत नेहरू, पटेल, आझाद वगैरे सगळ्यांना धरलं आणि या किल्ल्यात आणून ठेवलं. कुठे ठेवलंय ते सरकार सुरुवातीला सांगेना. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ट्रान्समिटर उभा करणारे नरिमन प्रिंटर हे हॅम. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हॅमचे परवाने रद्द केले होते, पण हाताचं कसब काही रद्द होत नाही. हे केंद्र रोज घोषणा करायचं ती अशी, की आम्ही भारतात कुठून तरी बोलतोय, ४२.३४ मीटरवर. म्हणजे पुढारी कुठे आहेत ते सरकार सांगत नव्हतं, आणि रेडिओ कुठे आहे ते रेडिओवाले. मागे पोलिसांच्या गाड्या लागलेल्या, जागा पुनःपुन्हा बदलायच्या, १२ नोव्हेंबरला अखेर धाड पडली. पण पत्ता जितका मोघम तितकी वेव्हलेंग्थ नेमकी, दशांश चिन्हापुढे दोन घरं! शेवटचा अंक खरा धरला तर हा एक किलोहर्ट्झच्या आतला वायदा आहे. हिशेब मांडला की साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ येतात, म्हणजे आजचा चाळीस मीटरचा हॅम बँड, जिथे आमचे नगरकर आणि सोलापूरकर ‘आधी तुम्ही’ करत सरकत असतात. घर सोडायला लागलं तरी चालेल पण फ्रिक्वेन्सी सोडायची नाही, ही वृत्ती मला अस्सल हॅमची वाटते. इतिहासाच्या पुस्तकांतून या दोन दशांश घरांचा कुणी गौरव केलेला नाही, तो इथे करून ठेवतो.

याच्या अगदी उलटं उदाहरणही गावाजवळच आहे. अरणगावच्या मेहेराबादला मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ला देह ठेवेपर्यंत. एक शब्द न बोलता त्यांचं म्हणणं अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलं आणि वाटेत कुठे सरकलं नाही. आमच्या मंडळींनी याचा विचार करावा असं मी एकदा सुचवलं होतं. त्यांनी अँटेना कोणता होता असं विचारलं.

कल्याण रोडने आळेफाट्याकडे गेलं की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लागते. ४५ मीटर व्यासाच्या ३० महाकाय ताटल्या, पंचवीसएक किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या, आणि सगळ्यांना ऑप्टिकल फायबरमधून एकाच ठिकाणची फ्रिक्वेन्सी पुरवलेली. त्यांच्यात ‘आधी तुम्ही’ होत नाही. हॅम लोक तिथं सहल नेतात, ताटल्यांकडे बघत नाहीत, रेफरन्स ऑसिलेटर कुठल्या खोलीत आहे ते विचारतात आणि खोलीत एसी आहे हे ऐकून उसासा टाकतात.

हल्ली डब्ल्यूएसपीआर म्हणून एक प्रकार निघालाय, त्याला सगळे ‘व्हिस्पर’ म्हणतात. संगणक दोन मिनिटांच्या गाळ्यात, जेमतेम सहा हर्ट्झ रुंदीत, अगदी क्षीण सिग्नल सोडतो आणि जगभरचे अनोळखी लोक तो ऐकून तक्त्यात नोंदवतात. कॉलसाइन, अंतर, ताकद, आणि एक रकाना खास घसरणीचा, मिनिटाला किती हर्ट्झ. म्हणजे आमच्याकडे कुणी पंखा लावला की ते न्यूझीलंडमधल्या माणसाच्या तक्त्यात चढतं. पूर्वी चारचौघांत अब्रू जायची म्हणजे गल्लीत जायची.

सगळ्यात ताजं वेड क्यूओ-१०० या उपग्रहाचं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कतारचा एसहेल-२ वर गेला, त्यावर हॅमसाठी एक कोपरा राखून ठेवलेला आहे. तो २५.९ अंश पूर्वेवर स्थिर असतो आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंतचे लोक त्यावर गप्पा मारतात. नुसतं ऐकायला डीटीएचची ताटली पुरते. पण फ्रिक्वेन्सी साडेदहा हजार मेगाहर्ट्झच्या जवळपास. ताटलीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीत २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, त्याची ३९० पट करून ९७५० मेगाहर्ट्झ काढतात, आणि चूकही ३९० पट होते. एक पीपीएमला पावणेदहा किलोहर्ट्झ! टीव्हीच्या चॅनेलला ते जाणवतही नाही. इथं मात्र हॅमच्या गप्पांचा अख्खा पट्टा अर्ध्या मेगाहर्ट्झचा, त्यामुळे ऊन चढलं की बोलणारा माणूस बोलता बोलता खिडकीबाहेर निघून जातो.

भिंगारच्या एका मित्राने मे महिन्यात हा उद्योग मांडला. एलएनबीतला क्रिस्टल काढून त्या जागी तापमानाला दाद न देणारा टीसीएक्सओ बसवला, भिंगाखाली सोल्डर करून. वरून थर्मोकोलचा डबा, डब्यावर पांढरा पंचा. ताटली पश्चिम-नैर्ऋत्येला तोंड करून, आईच्या कुरडयांच्या वाळवणाशेजारी. आईची तक्रार एवढीच, की सावली त्या डब्यावर धरलीस ती जरा माझ्यावर धरली असतीस तर पुण्य लागलं असतं. शेजारच्या काकांची तक्रार जास्त मुद्द्याची होती. साऱ्या गल्लीच्या ताटल्या आग्नेयेकडे, आणि याचीच तिकडे कशी? चार दिवस त्यांनी सहन केलं. पाचव्या दिवशी मित्र कामावर गेल्यावर त्यांनी परोपकार म्हणून ओळखीचा डिशवाला बोलावून आणला. त्याने पंचा काढला, थर्मोकोल काढलं, ताटली फिरवून ९३.५ अंशांवरच्या फ्री डिशला लावली आणि पिशवीतला बॉक्स जोडून दिला. मित्र संध्याकाळी घरी आला तेव्हा आई टीव्हीवर कीर्तन बघत होती, काका खुर्चीत होते आणि डिशवाला दुसरा कप चहा घेत होता.

“साहेब,” तो म्हणाला, “तुमची फ्रिक्वेन्सी चुकली होती. बरोबर करून दिलीय.”